सावलीवरून भाकीत

तामिळनाडूत कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाऊ लागले, की सात-आठ किलोमीटरांवर तिरुभुवनम् नावाचे गाव लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधविलेले कंपहरेश्वराचे मंदिर आणि हातमागावर विणलेल्या रेशमी साड्या या दोन गोष्टींमुळे त्या गावाचे नाव दूरवर गेले आहे. येथील विणकरांत सौराष्ट्री समाजाची वस्ती मोठी आहे. त्यांची बोली गुजरातीची आणि मराठीचीही नातलग असल्याने मराठी माणसाच्या कानाला तिच्यातील काही शब्द अनपेक्षितपणे ओळखीचे वाटतात. २०१९ साली या साड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून तिरुभुवनम् हे नाव कायद्यानेही त्या रेशमाला जोडले गेले आहे.

साडीच्या काठावर मोर उमटवायचा असेल, तर त्याचा आराखडा प्रथम चौकटींच्या कागदावर काढावा लागतो. त्या कागदावरील प्रत्येक चौकट म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा यांच्या भेटीची एक जागा. कोणती चौकट भरायची आणि कोणती रिकामी सोडायची, हे एकदा ठरले की त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोके पाडतात आणि ते पुठ्ठे मागावर चढवितात. दुरून पाहणाऱ्याला मोर दिसतो; जवळून पाहणाऱ्याला भरलेल्या आणि रिकाम्या चौकटींखेरीज काहीच दिसत नाही. वैद्यकशास्त्रात आज वापरली जाणारी बहुतेक चित्रे याच जातीची आहेत. १९७१ साली गॉडफ्री हौन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याच्या सी.टी. यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र काढले, तेव्हा त्यात ओळीला ८० याप्रमाणे ८० ओळी, म्हणजे अवघ्या ६,४०० चौकटी होत्या. आजच्या यंत्रात सामान्यतः ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून अधिक चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो. त्या जागी क्ष-किरण किती अडले, हे तो आकडा सांगतो. चित्र म्हणजे आकड्यांचे वस्त्रच होय.

आकडे आले म्हणजे गणित आले, आणि गणिताच्या मागोमाग भाकिताची इच्छा येते. लहान मुलाच्या हाडात कर्करोगाची गाठ निघाली, तर तिच्या चित्रावरून पुढे काय होणार हे आधी कळेल काय, हा प्रश्न आज जगातील अनेक संशोधक विचारीत आहेत. आईबाप हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात. आमचे मूल जगेल ना, त्याचा पाय राहील ना, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाला चित्र कितपत उत्तर देऊ शकते, आणि मिळालेल्या उत्तराचे करायचे काय, हा येथे विचाराचा विषय आहे.

मुलांच्या हाडांत उद्भवणाऱ्या कर्करोगांत दोन प्रकार मुख्य आहेत. पहिला ऑस्टिओसार्कोमा. दहा ते वीस या वाढीच्या वयात तो विशेष आढळतो, आणि जेथे हाड झपाट्याने वाढते तेथेच त्याचे ठाणे असते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचे वरचे टोक आणि दंडाच्या हाडाचे खांद्याकडील टोक या त्याच्या आवडत्या जागा. निम्म्याहून अधिक गाठी गुडघ्याच्या आसपास असतात. दुसरा प्रकार यूइंग सार्कोमा. जेम्स यूइंग या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९२१ साली त्याचे वर्णन केले. तो लांब हाडांच्या मधल्या भागात किंवा कटीच्या हाडात आढळतो. दोन्ही रोग विरळ आहेत आणि ही विरळताच त्यांची पहिली अडचण होय. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखू लागला, तर खेळताना पडला असेल, मुरगळले असेल, वाढीचे दुखणे असेल, असेच घरात म्हटले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. म्हणून तेल लावून चोळणे, पट्टी बांधणे, हाडवैद्याकडे नेणे यांत आठवडे निघून जातात. विश्रांतीनेही न थांबणारे, रात्री झोपेतून जागे करणारे, हळूहळू वाढत जाणारे आणि सूज धरणारे दुखणे असेल, तर मात्र त्या गुडघ्याचे साधे क्ष-किरण-चित्र काढलेच पाहिजे. पुढच्या साऱ्या भाकिताचा आरंभ या साध्या चित्रापासून होतो.

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताच्या हाडांचे चित्र घेतले. पुढे काही वर्षांतच हाडांच्या गाठींच्या सावल्या डॉक्टर वाचू लागले. ऑस्टिओसार्कोमात गाठीभोवती नवे हाड सूर्यकिरणांसारखे बाहेर फाकलेले दिसते. यूइंगच्या गाठीत हाडावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर चढतात. गाठ हाडावरील आवरण उचलून धरते, तेव्हा कडेला एक त्रिकोण उमटतो. त्याला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात.

हा अर्नेस्ट कॉडमन कोण होता, हे सांगण्याजोगे आहे. १८६९ साली जन्मलेला बॉस्टनचा हा शल्यवैद्य क्ष-किरणांच्या अगदी प्रारंभीच्या काळात मुलांच्या रुग्णालयात चित्रे घेण्याचे काम करीत असे. त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली होती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे म्हणून डॉक्टरने थांबू नये. वर्षभराने रोग्याची चौकशी करावी, तो कसा आहे ते लिहून ठेवावे, आणि बरा झाला नसेल तर का नाही, हेही लिहावे. आपल्या छोट्याशा खाजगी रुग्णालयातील चुकांसकट सारे निकाल त्याने छापून प्रसिद्ध केले. हा आग्रह समव्यवसायिकांना रुचला नाही आणि त्याला त्याची किंमत मोजावी लागली. तरी १९२० च्या सुमारास त्याने हाडांच्या कर्करोगाची एक नोंदवही सुरू केली. देशभरच्या डॉक्टरांकडून त्याने प्रत्येक रोग्याचे क्ष-किरण-चित्र, गाठीच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील काच आणि रोग्याची पुढील हकीकत एकत्र जमविण्यास आरंभ केला. ज्या चित्राखाली रोग्याचे पुढे काय झाले हे लिहिलेले नसते, ते चित्र भाकिताला निरुपयोगी असते, हे त्याने ओळखले होते.

या विचाराचा एक जुना धागा तिरुभुवनमच्या शेजारीच सापडतो, आणि तो मराठी माणसाने आवर्जून जाणावा असा आहे. कुंभकोणमचा सारा प्रदेश सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांनी १७९८ ते १८३२ या कालखंडात तंजावरात विद्येचा मोठा संग्रह केला. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्य औषधांचा अभ्यास चाले. सरस्वती महाल ग्रंथालयात नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे आजही जपून ठेवलेली आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्या रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. कॅमेरा अद्याप जन्माला आला नव्हता. तेव्हा दरबारच्या चित्रकारांनी कुंचल्याने ते काम केले. रोग कसा दिसत होता आणि उपचाराने काय झाले, या दोन गोष्टी एकाच कागदाच्या बंडात बांधून ठेवण्याची ही बुद्धी कॉडमनच्या शंभर वर्षे आधी कावेरीच्या काठी जागी झाली होती.

चित्र आणि शेवट यांची जोड घालू लागल्यावर हाडाच्या कर्करोगाविषयी जे पहिले सत्य बाहेर आले, ते फार कठोर होते. १९७० च्या पूर्वी ऑस्टिओसार्कोमाला एकच उपाय होता, तो म्हणजे अवयव कापून टाकणे. गाठ पूर्ण निघे, जखम भरून येई, छातीचे चित्र स्वच्छ असे. आणि तरीही शंभरांतील सुमारे ऐंशी मुले पुढे फुप्फुसांत रोग पसरून दगावत. याचा अर्थ उघड होता. शस्त्रक्रियेच्या दिवशीच रोगाचे कण फुप्फुसांत पोहोचलेले असत; ते इतके सूक्ष्म असत, की कोणत्याही चित्राच्या चौकटीत ते मावत नसत. जे दिसत नाही ते नाहीच असे समजू नये, हा धडा चित्रशास्त्राला या मुलांनी दिला.

१९७० नंतर रसायनांचे उपचार आले. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट ही औषधे रक्तावाटे सर्व शरीरात जाऊन न दिसणाऱ्या कणांनाही गाठू लागली. ज्यांचा रोग दिसण्याजोगा पसरलेला नाही, अशा शंभरांपैकी साठ ते सत्तर मुले त्यामुळे वाचू लागली. ज्यांच्या फुप्फुसांत आरंभीच गाठी दिसतात, त्यांच्यांत मात्र हे प्रमाण शंभरांत वीस-तीसच्या घरात राहते. सारांश, भाकिताच्या दृष्टीने सर्वांत वजनदार चित्र गुडघ्याचे नसून छातीचे आहे. छातीच्या सी.टी. स्कॅनमध्ये ठिपके आहेत की नाहीत, हा प्रश्न आजही सर्वांत आधी विचारला जातो. येथेही घाई कामाची नाही. आपल्या देशात जुन्या क्षयरोगाचे व्रण फुप्फुसांत पुष्कळदा आढळतात आणि त्यांची सावली कर्करोगाच्या ठिपक्यासारखीच दिसू शकते. शिवाय फुप्फुसातील मोजक्या गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात आणि तसे केलेली काही मुले दीर्घायुषी झालेली आहेत. ठिपका दिसताच आशा सोडणे हे शास्त्राला धरून नाही.

दुसरे महत्त्वाचे भाकीत औषधाच्या परिणामावरून करतात. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयात मुलाचा पाय न कापता गाठीचे हाड काढून तेथे धातूचा सांधा बसविण्याचे प्रयत्न सुरू झाले. तो सांधा प्रत्येक रोग्यासाठी वेगळा घडवावा लागे आणि त्याला बराच अवधी लागे. तोवर स्वस्थ बसण्यापेक्षा आधीच औषध द्यावे, असे डॉक्टरांनी ठरविले. यातून एक अनपेक्षित लाभ झाला. नंतर काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहता औषधाने किती पेशी मेल्या, हे मोजता येऊ लागले. शंभरांतील नव्वद किंवा अधिक पेशी मेल्या असतील, तर त्या मुलाचे भवितव्य चांगले. कमी मेल्या असतील, तर धोका अधिक. ही नव्वदाची रेघ आजही मानली जाते.

पण हे मोजमाप होते केव्हा? गाठ काढल्यानंतर, म्हणजे औषधाचे सुमारे अडीच-तीन महिने उलटून गेल्यावर. औषध लागू पडत नव्हते, तर ते महिने वाया गेले आणि त्याचे दुष्परिणाम मात्र मुलाने सोसले. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी होऊ शकते. डॉक्सोरुबिसिनचा भार हृदयावर पडतो. म्हणून गाठ अंगात असतानाच, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेनंतर, केवळ चित्रावरून हा निकाल कळावा, अशी धडपड सुरू झाली. चित्रशास्त्राचे आजचे पुष्कळसे परिश्रम या एका हेतूने चालले आहेत.

या कामी सरळ वाटणारा मार्ग फसवा निघाला. कर्करोगाची गाठ औषधाने लहान झाली म्हणजे गुण आला, असे सर्वसाधारण अनुमान असते. यूइंगच्या गाठीबाबत ते बरेचसे खरे आहे. त्या गाठीचा हाडाबाहेरचा मांसल भाग औषधाने झरझर वितळतो आणि एम.आर.आय. चित्रात ते स्पष्ट दिसते. आरंभी गाठीचे आकारमान दोनशे घनसेंटिमीटरांहून अधिक असेल, तर धोका जास्त, हाही त्या रोगाचा एक मान्य निकष आहे. ऑस्टिओसार्कोमाचे तसे नाही. ही गाठ स्वतः हाड तयार करते. पेशी मेल्या तरी त्यांनी रचलेला चुन्याचा सांगाडा तसाच उभा राहतो. गावातील माणसे निघून गेली तरी घरांच्या भिंती उभ्याच असाव्यात, तशी ही स्थिती होय. दुरून पाहणाऱ्याला गाव तेवढेच दिसते. कधी कधी तर औषधाने उत्तम गुण येऊनही गाठ आकाराने तशीच राहते. तेव्हा घरे मोजून उपयोग नाही. आत कोणी राहते आहे काय, हे पाहिले पाहिजे.

हे पाहण्याच्या आज तीन मुख्य रीती आहेत. पहिली एम.आर.आय. मधील पाण्याच्या हालचालीची. जिवंत पेशींच्या दाट गर्दीत पाण्याच्या अणुरेणूंना फिरायला जागा नसते. पेशी मेल्या आणि त्यांची आवरणे फुटली, की पाणी मोकळे हिंडू लागते. ही मोकळीक यंत्राला मोजता येते. दुसरी रीत रक्तपुरवठ्याची. शिरेतून एक द्रव्य सोडून ते गाठीत किती वेगाने शिरते हे पाहतात. जिवंत गाठ ते अधाशीपणाने ओढून घेते. मेलेला भाग कोरडाच राहतो. तिसरी रीत पेट स्कॅनची. ग्लुकोजला किरणोत्सर्गी फ्लोरिनची खूण लावून ते शरीरात सोडतात. कर्करोगाच्या पेशी साखरेच्या भुकेल्या असल्याने जेथे त्या जिवंत असतील तेथे चित्र उजळते, आणि औषधाने त्या मेल्या असतील तर तेथील उजेड मंदावतो. भारतात या तंत्राचा प्रवेश मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली झाला आणि त्यानंतर टाटा स्मारक रुग्णालयात ते सुरू झाले. यूइंगच्या रोगात दुसऱ्या हाडांत पसरलेली गाठ शोधण्यासही पेट स्कॅनचा चांगला उपयोग होतो.

यापुढची पायरी अलीकडची आहे. तिला रेडिओमिक्स असे नाव मिळाले आहे आणि तिचे मर्म सांगायला तिरुभुवनमच्या विणकराचाच शब्द उपयोगी पडतो. तो शब्द म्हणजे पोत. जुना जाणता विणकर साडीवरून नुसता हात फिरवून सांगतो, की धागा कोठे विरळ आहे, कोठे ताण कमी पडला आहे. चित्रातही असा पोत असतो. शेजारच्या चौकटींतील आकडे एकसारखे आहेत की उलटसुलट, गडद भाग एकत्र गोळा झाले आहेत की विखुरलेले, कडा रेखीव आहेत की विसकटलेल्या, अशी शेकडो मापे संगणक एका गाठीच्या चित्रातून काढतो. डोळ्याला जे जाणवत नाही, ते या मापांत लपलेले असेल, आणि ज्या मुलांचे पुढे काय झाले हे ठाऊक आहे, त्यांच्या चित्रांशी ती मापे ताडून नव्या मुलाचे भाकीत करता येईल, अशी ही कल्पना आहे. तिच्यावर अनेक देशांत निबंध प्रसिद्ध होत आहेत आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष आशादायक आहेत.

तथापि येथे सावधगिरीची फार गरज आहे. रोग विरळ असल्याने एकेका अभ्यासात मुले थोडी असतात. मापे मात्र शेकडो. मुले पन्नास आणि मापे पाचशे असली, म्हणजे त्यांतील काही मापे केवळ योगायोगाने निकालाशी जुळून येणारच. जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे पाठ केलेला विद्यार्थी त्या प्रश्नांना पैकीच्या पैकी गुण मिळवितो आणि नवा प्रश्न येताच अडतो. तशीच अशा गणिताची गत होते. दुसरी अडचण यंत्रांची. एकाच कंपनीची दोन यंत्रेही चित्राला थोडा वेगळा पोत देतात. चकत्या जाड घेतल्या की पातळ, यानेही आकडे बदलतात. म्हणून एका रुग्णालयात सिद्ध झालेले सूत्र दुसऱ्या रुग्णालयाच्या मुलांवर तपासून खरे ठरेपर्यंत त्यावर उपचाराचा निर्णय सोपविता येत नाही. आज तरी अशा गणिताने सूक्ष्मदर्शकाची आणि छातीच्या चित्राची जागा घेतलेली नाही.

समजा, उद्या हे गणित निर्दोष झाले. दुसऱ्या आठवड्यातच चित्राने सांगितले, की या मुलाला औषध लागू पडणार नाही. मग पुढे काय? या प्रश्नाचे एक कटू उत्तर जगाला मिळालेले आहे. युरोप आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून २००५ ते २०११ या काळात १७ देशांतील २,२६० रोग्यांची युरॅमॉस नावाच्या मोठ्या चाचणीत नोंद केली. ज्यांच्या गाठीतील पेशी औषधाने पुरेशा मेल्या नव्हत्या, अशा रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला पूर्वीचेच उपचार चालू ठेवले. दुसऱ्याला त्यांच्या जोडीला आणखी दोन औषधे दिली. धोका कळला आहे, तेव्हा मारा वाढवावा, हा विचार सरळ होता. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाढीव औषधांनी रोग परतण्याचे प्रमाण घटले नाही. दुष्परिणाम मात्र वाढले. धोका ओळखता आला, पण टाळता आला नाही.

यावरून एक विवेक शिकावा लागतो. हवामानखात्याने वादळाची सूचना दिली आणि होड्या किनाऱ्याला लागल्या, तर ती सूचना सार्थ. होडी समुद्रातच असेल आणि परतीचा मार्गच नसेल, तर त्या सूचनेने फक्त भय वाढते. भाकिताचे मोल त्याच्या अचूकपणावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच त्याने उघडणाऱ्या मार्गावर असते. म्हणून चित्रशास्त्र आणि औषधशास्त्र यांनी एकमेकांचा हात धरूनच चालले पाहिजे. नव्या औषधाची चाचणी कोणत्या मुलांवर करावी हे चित्राने सांगावे, आणि चित्राच्या सांगण्याला अर्थ यावा म्हणून नवे औषध शोधावे.

मग आजचे चित्र निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. भाकीत सोडून दिले, तरी त्याची रोजची कामे थोडी नाहीत. संपूर्ण हाडाचे एम.आर.आय. चित्र घेतले, तर मुख्य गाठीपासून दूर त्याच हाडात दडलेली दुसरी लहान गाठ सापडू शकते. नुसत्या गुडघ्याचे चित्र घेतले तर ती निसटते. गाठ मुख्य रक्तवाहिनीला आणि मज्जातंतूला चिकटली आहे की त्यांपासून अलग आहे, ती वाढीच्या कूर्चेपर्यंत पोहोचली आहे काय, सांध्यात शिरली आहे काय, हे चित्रावरून ठरते आणि त्यावर पाय वाचविता येईल की नाही हे अवलंबून असते. हाड कोठे कापायचे, याचे माप त्या चित्रावर घेतले जाते. उपचार संपल्यावर ठरावीक काळाने छातीचे चित्र काढीत राहिल्याने परतलेला रोग लवकर हाती लागतो. हे भाकीत नव्हे. पण याने मुलांचे पाय आणि प्राण वाचतात.

या कामाच्या सोयी देशात आहेत. १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात महाराष्ट्रातून आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले येतात. परदेशी सांधे परवडत नाहीत, हे पाहून तेथील शल्यवैद्यांनी देशी बनावटीचे कमी किमतीचे सांधे वापरात आणले. मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट देताना रक्तातील त्याचे प्रमाण वरचेवर मोजावे लागते आणि ती सोय सर्वत्र नसते, म्हणून त्या औषधावाचून करता येणाऱ्या उपचारांची पद्धतही तेथे वापरून पाहिली गेली आणि तिचे निकाल प्रसिद्ध झाले. मूल उपचार घेते तोवर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी अनेक आईबापांना आसरा मिळतो. तिरुभुवनमच्या विणकराच्या मुलाला चेन्नईचे अड्यार जवळ आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून १९५४ साली तेथे कर्करोग संस्था उभी राहिली. डॉ. व्ही. शांता २०२१ साली निवर्तल्या; तोवर त्यांचे आयुष्य त्या संस्थेतच गेले. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्यानिहाय कर्करोग-नोंदणी सुरू झाली. कॉडमनने ज्या नोंदीसाठी हट्ट धरला होता, तशा नोंदींतूनच उद्याच्या गणिताला खरा आधार मिळणार आहे. पाश्चात्य मुलांच्या चित्रांवर बसविलेले सूत्र आपल्याकडे उशिरा, मोठी गाठ घेऊन आणि कित्येकदा अशक्तपणा घेऊन येणाऱ्या मुलांना तसेच्या तसे लागू पडेल, असे मानता येत नाही. आपल्या मुलांची चित्रे आणि त्यांच्या पुढच्या हकीकती आपल्यालाच जपून ठेवल्या पाहिजेत. उपचार अर्धवट सोडून गावी गेलेल्या मुलाला पत्र पाठवून, फोन करून, त्याचे काय झाले हे विचारले पाहिजे. जे मूल नोंदीतून निसटते, त्याच्याबरोबर पुढच्या मुलाला मिळणारा एक धडाही निसटतो.

राहता राहिला आईबापांना काय सांगावे, हा प्रश्न. शंभरांत सत्तर मुले वाचतात, हे वाक्य शंभर मुलांविषयी खरे आहे. समोर बसलेल्या एका मुलाविषयी ते काहीच निश्चित सांगत नाही. ते मूल सत्तर टक्के जगणार नाही. ते जगेल किंवा जगणार नाही. चांगला डॉक्टर हा फरक समजावून सांगतो. तो आकडा लपवीत नाही आणि आकड्याच्या आड स्वतःही लपत नाही. आज काय दिसते, त्यावरून काय संभवते, ते टाळण्यासाठी काय करीत आहोत, आणि पुढचे चित्र केव्हा काढायचे, या चार गोष्टी तो आईबापांच्या भाषेत सांगतो आणि मोठ्या मुलालाही त्याच्या समजुतीप्रमाणे सांगतो. कंपहरेश्वर म्हणजे कंप हरण करणारा देव. एका पांड्य राजाच्या अंगाचा थरकाप तिरुभुवनमला येऊन थांबला, अशी त्या क्षेत्राची कथा आहे. रुग्णालयाच्या बाकावर चित्राचे पाकीट मांडीवर घेऊन बसलेल्या बापाचा थरकाप पुष्कळदा स्पष्ट आणि प्रामाणिक शब्दांनी थोडा कमी होतो. तेवढे सामर्थ्य प्रत्येक डॉक्टरजवळ असते.

यंत्रे सुधारतील, चौकटी बारीक होतील, गणित अधिक शहाणे होईल, यात शंका नाही. परंतु लक्षात ठेवण्याजोगे एक माप आजही कोणत्या यंत्रात नसून घरात आहे. दुखणे सुरू झाल्यापासून पहिले चित्र काढीपर्यंत किती दिवस गेले, हे ते माप होय. गाठ लहान असताना आणि छाती स्वच्छ असताना आलेल्या मुलाविषयी डॉक्टरांना अधिक आशेने बोलता येते. इतर सारी मापे रोग ठरवितो; हे एक माप मात्र कमी करणे घरच्या माणसांच्या, शाळेतल्या शिक्षकांच्या आणि गावच्या डॉक्टरांच्या हाती पुष्कळ अंशी आहे. रात्री गुडघा धरून उठणाऱ्या मुलाकडे त्यांनी वेळीच लक्ष दिले, तर उद्याच्या चित्रातील भाकीत आजच थोडे बदलू शकेल.